आठ डिसेंबरचे उत्तर

आमच्या सौंसरात माणूस दिवसातून दहा वेळा भाषेचा उंबरठा ओलांडतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. घरातून निघताना आईशी मराठीत बोलतो, छिंदवाड्याच्या बसमध्ये कंडक्टरशी हिंदीत. संत्र्याच्या बागेचा सौदा नागपूरच्या व्यापाऱ्याशी पुन्हा मराठीत होतो आणि तहसिलीत अर्ज द्यायचा झाला की लेखणी हिंदीकडे वळते. यात आम्हाला काही अडचण वाटत नाही. अडचण येते ती एकाच ठिकाणी, पोराला शाळेत घालताना.

काही वर्षांपूर्वी असाच एक शेजारी माझ्याकडे आला. संत्र्याची लहानशी बाग असलेला, चार बुके शिकलेला माणूस. मी मास्तरकीतून निवृत्त झालेला, त्यामुळे गल्लीतले अर्जफाटे लिहून देण्याचे काम आपोआपच माझ्याकडे आलेले. तो म्हणाला, "गुरुजी, पोरीला पहिलीत मराठीतून शिकवायचं आहे. आमच्या वस्तीत त्याच वयाची बारा-पंधरा लेकरं आहेत. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, 'यह कहाँ लिखा है?' आता कुठं लिहिलं आहे ते तुम्हीच सांगा."

मी कलमाचा आकडा सांगितला, ३५० क. अर्ज लिहून दिला. तो गेला, पण त्याचा प्रश्न माझ्याकडेच राहिला. कुठे लिहिले आहे ते मला ठाऊक होते. ते कोणी मागितले, कोणी नाकारले आणि नाकारताना काय सांगितले, हे मात्र ठाऊक नव्हते. म्हणून पुढे नागपूरला जाणे झाले की एका ग्रंथालयात बसून मी घटना समितीच्या चर्चेचे जाडजूड खंड चाळू लागलो. त्यातल्या सातव्या खंडात, ८ डिसेंबर १९४८ च्या कामकाजात, मला आपली माणसे भेटली. त्यांची हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

आधी त्या सभागृहाचा रिवाज सांगायला हवा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यघटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. मग एकेक कलम चर्चेला येई. सभासद आपापल्या दुरुस्त्या मांडत, दुसरे त्यावर बोलत, आणि सर्वांचे बोलून झाले की अध्यक्षस्थानावरून बाबासाहेबांना पुकारले जाई. त्यांनी उभे राहून प्रत्येकाच्या मुद्द्याला उत्तर द्यायचे: हे मान्य, हे अमान्य, हे अमुक कारणासाठी. त्यानंतर मतदान. या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या होत्या. त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुद्याच्या चर्चेला ११४ दिवस लागले. मसुदा समितीत सात जण होते खरे, पण टी. टी. कृष्णमाचारींनी ५ नोव्हेंबरला भर सभागृहात सांगून टाकले, की एकाने राजीनामा दिला, एकजण वारला, एकजण अमेरिकेत होता, एकजण संस्थानांच्या कारभारात गुंतलेला, एकदोघे दिल्लीपासून दूर. सारा भार शेवटी बाबासाहेबांवर येऊन पडला. तो माणूस स्वतः मधुमेहाने जर्जर झालेला. तरी उत्तर द्यायला उभा राही.

ही उत्तरे वाचू लागलो, तेव्हा मला वाटले होते की वकिली पद्धतीची कोरडी खंडणे असतील. तसे नव्हते. उत्तरांच्या नाना तऱ्हा होत्या, आणि त्यांच्या मागे पुढे घडलेला इतिहास ठाऊक असल्यामुळे आज वाचताना त्या अधिकच बोलक्या वाटतात.

एक तऱ्हा अशी. मसुदा मांडतानाच बाबासाहेबांनी खेड्यांविषयी कडक शब्द वापरले होते. खेडे म्हणजे अज्ञानाचे, संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर, असा त्यांचा रोख होता. त्यावरून सभागृहात बराच गदारोळ झाला, अनेक सभासद दुखावले. पुढे २२ नोव्हेंबरला के. संतानम यांनी ग्रामपंचायती स्थापन करण्याविषयी नवे कलम सुचवले. बाबासाहेब उभे राहिले आणि दुरुस्ती मान्य आहे एवढेच सांगून खाली बसले. ज्याचे मत जगजाहीर विरुद्ध होते, त्याने सभागृहाचा कल ओळखून एका वाक्यात वाट मोकळी करून दिली. तेच आजचे चाळिसावे कलम. १९९३ साली लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्याला खरा जोर आला, आणि आपल्याकडच्या गावागावांतून बाया सरपंच झाल्या त्यामागे ते एक वाक्य आहे.

दुसरी तऱ्हा नकाराची. प्रा. के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबरला मागणी केली, की पहिल्याच कलमात भारत हे धर्मनिरपेक्ष, संघराज्यीय, समाजवादी राष्ट्र आहे असे लिहा. बाबासाहेबांनी नाही म्हटले, पण कारण सांगून. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचे. आज आपण ते घटनेतच कोरून ठेवले, तर उद्याच्या लोकांचे हात बांधले जातील. शिवाय, ते म्हणाले, मार्गदर्शक तत्त्वांत यातले बरेचसे आलेच आहे. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने यांतले दोन शब्द सरनाम्यात आले. कोणाचे बरोबर, हा वाद आजही चालतो. पण आज वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना बाबासाहेबांचे ते उत्तर वाचावेच लागते.

तिसरी तऱ्हा चटका लावणारी. आपल्या जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मागणी केली, की नागरिकाच्या अंगाची, घराची, कागदपत्रांची विनाकारण झडती घेता येऊ नये, आणि हे मूलभूत हक्कांत लिहावे. बाबासाहेबांनी उत्तरात ही दुरुस्ती मान्य केली. तरतूद उपयोगाची आहे, म्हणाले. पण मतदानाच्या वेळी गोंधळ उडाला, निर्णय पुढे ढकलला गेला, आणि काही दिवसांनी सभागृहाने ती फेटाळली. म्हणजे उत्तर देणाऱ्याने हो म्हटले तरी काम होतेच असे नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निवाडा दिला, तेव्हा १९४८ च्या त्या डिसेंबरची आठवण निघालीच.

चौथी तऱ्हा अशी, की काळानेच उत्तर खोटे पाडले. राज्य सरकार बाजूला सारून राष्ट्रपती राजवट आणण्याच्या तरतुदीला हरि विष्णु कामत यांनी कडाडून विरोध केला. हे कामतही मध्य प्रांत-वऱ्हाडाचेच प्रतिनिधी. पुढे होशंगाबादहून लोकसभेत गेले. ४ ऑगस्ट १९४९ च्या उत्तरात बाबासाहेबांनी मान्य केले की या तरतुदीचा गैरवापर होऊ शकतो. पण ती वापरण्याची वेळच येऊ नये, ती कागदावरच पडून राहावी, अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. त्यानंतर ते कलम शंभराहून अधिक वेळा वापरले गेले. डिसेंबर १९९२ मध्ये आपल्या मध्य प्रदेशातच ते आपण अनुभवले. मार्च १९९४ च्या बोम्मई निकालात न्यायालयाने त्या कलमाला वेसण घातली. कामतांची शंका खरी ठरली, पण बाबासाहेबांची आशाही वाया गेली असे मला वाटत नाही. घटनाकारांना हे कलम अगदी शेवटचा उपाय म्हणून हवे होते, याची साक्ष त्या उत्तरातच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ८ डिसेंबर १९४८. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी. चर्चेला कलम २३, म्हणजे आजचे एकोणतिसावे. विषय होता भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क. संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी यांचा आक्षेप होता, की आधीच्या ठरावात अल्पसंख्याकांना संरक्षण मिळेल असे शब्द होते, मसुदा समितीने ते बदलले. अल्पसंख्याक हा शब्दच काढून "नागरिकांचा कोणताही गट" असे घातले. हे का केले? लारींच्या मनात उर्दूचा प्रश्न होता हे उघड आहे. त्यांची दुसरी मागणी अशी होती, की पुरेशी मुले असतील तेथे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याचा हक्क घटनेत लिहावा.

लारींच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर देताना बाबासाहेबांनी जे सांगितले, ते वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. ते म्हणाले, की अल्पसंख्याक म्हटले की लोकांच्या मनात ठरावीक जमाती येतात. आम्हाला अर्थ त्याहून मोठा हवा होता. मद्रासकडची काही माणसे कामधंद्यासाठी मुंबईत येऊन राहिली, तर रूढ अर्थाने ती अल्पसंख्याक नाहीत, पण भाषेने आणि संस्कृतीने आहेत. आणि महाराष्ट्रातली काही माणसे बंगालात जाऊन राहिली, तर तिथे तीसुद्धा तशीच. अशांनाही हे कलम लागू पडावे, म्हणून तो अरुंद शब्द काढला.

उर्दूच्या काळजीने एकाने प्रश्न विचारला आणि उत्तरात दाखला आला परमुलखातल्या मराठी माणसाचा! त्या दिवशी सौंसर कुठल्याच परमुलखात नव्हते. मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती आणि प्रांतात मराठी मुबलक होती. १९५० च्या कायद्याने तर हिंदी आणि मराठी या दोन्ही प्रांताच्या राजभाषा झाल्या. आपण बंगालात गेलेल्या माणसांसारखे होऊ, हे तेव्हा इथे कोणाच्या स्वप्नात नसेल. पण १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, राजधानी भोपाळ झाली. आमची घरे, बागा, देवळे, सोयरिकी, सगळे होते तिथेच होते. सीमा आमच्या दारावरून पलीकडे गेली, आणि जागचे न हलता आम्ही त्या दाखल्यातली माणसे झालो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तरी या बाबतीत आमची स्थिती तीच आहे.

त्या कलमातला आणखी एक बारकावा मला मास्तर म्हणून भावला. मसुद्यात होते, "वेगळी भाषा, लिपी आणि संस्कृती" असलेला गट. अंतिम घटनेत आहे, "भाषा, लिपी किंवा संस्कृती". एका शब्दाचा फेर. पण आपल्या घराला लावून पाहा. आमची भाषा शेजाऱ्यापेक्षा वेगळी, हे खरे. लिपी? ती एकच, देवनागरी. संस्कृती? पोळा आम्हीही करतो, दिवाळी तेही करतात. वेगळेपण दाखवायला बसलो तर दिवस मावळेल. "आणि" राहिले असते, तर कोणीही म्हणू शकला असता, की तुमची लिपी तर आमचीच, मग तुम्ही वेगळे कसे? "किंवा" आल्यामुळे एकटी भाषा पुरेशी झाली. शेजाऱ्याशी भांडण न काढता, लिपी आणि सण वाटून घेऊनही आपली भाषा आपली म्हणता येते, ते त्या एका अव्ययामुळे.

पण त्याच उत्तराची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर हा लेख म्हणजे आपल्याला सोयीचे तेवढे वेचून घेणे होईल. बाबासाहेबांनी त्याच भाषणात अगदी स्वच्छ सांगितले, की या कलमाने सरकारवर कसलेही ओझे टाकलेले नाही. मद्रासची माणसे मुंबईत आली, म्हणून मुंबई सरकारने तमिळ किंवा तेलुगू शिक्षणासाठी पैसा खर्च केलाच पाहिजे, असे यात नाही. बंधन एवढेच, की कोणी आपली भाषा जपू पाहत असेल, तर सरकारने कायदा करून त्याच्यावर दुसरी संस्कृती लादायची नाही. म्हणजे हक्क जपण्याचा. जपायचे मात्र ज्याचे त्याने. लारींची मातृभाषेतल्या शिक्षणाची मागणी सभागृहाने नामंजूर केली.

हे वाचून क्षणभर मी खट्टू झालो, खोटे कशाला सांगू! पण विचार केला, की उत्तर देणाऱ्याने गोड बोलून वेळ मारून नेली असती, तर आमच्यासारख्यांनी पुढची कित्येक वर्षे एकोणतिसावे कलम हातात धरून चुकीच्या दाराशी धरणे धरले असते. काय दिले आणि काय दिले नाही, दोन्ही त्यांनी सांगितले. त्यामुळे न मिळालेले कुठे मागायचे, हे मागणाऱ्यांना कळले.

आणि मागणारे थांबले नाहीत. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवले, की शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले वेगळ्या मातृभाषेची असतील, तर प्राथमिक स्तरावर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात हा विषय पुन्हा उचलला. कारण राज्ये भाषेनुसार कशीही कापली, तरी काही लोक रेषेच्या चुकीच्या बाजूला उरणारच. त्यातून १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५० क हे कलम आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने प्रयत्न करावा. पाठोपाठ ३५० ख आले आणि त्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला गेला. लारींनी ८ डिसेंबरला मागितलेली आणि नाकारली गेलेली गोष्ट आठ वर्षांनी, जरा मऊ शब्दांत, घटनेच्या दुसऱ्या दाराने आत आली. मूलभूत हक्कांत ती नाही, आणि "प्रयत्न करावा" हे शब्द किती लवचीक असतात हे सरकारदरबारी खेटे घातलेल्या कोणालाही सांगायला नको. तरी "कहाँ लिखा है" याला उत्तर देण्यापुरते ते ठाम आहेत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी चर्चेला शेवटचे उत्तर दिले. संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, हा इशारा देणारे हेच ते भाषण. शाळांतून त्यातला तेवढाच भाग सांगितला जातो. पण त्याच भाषणात त्यांनी आपल्याला सतावणाऱ्या सभासदांचे नाव घेऊन आभार मानले: कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकूरदास भार्गव, प्रा. के. टी. शहा आणि पंडित हृदयनाथ कुंझरू. यांच्या सूचना मी मान्य करू शकलो नाही, म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही; हे बंडखोर नसते, तर घटनेमागची तत्त्वे समजावून सांगण्याची संधीच मला मिळाली नसती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या सात नावांतली पहिली तीन पुन्हा वाचा. कामत, अमरावतीचे पंजाबराव आणि मूळचे कराचीचे पण आपल्याकडून निवडून गेलेले सिधवा, हे तिघेही मध्य प्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी. नागरिकत्वाच्या कलमावर पंजाबरावांनी ऑगस्ट १९४९ मध्ये असा काही आक्षेप लावून धरला, की जगात सर्वांत स्वस्त नागरिकत्व आपण देतो आहोत. बाबासाहेबांनाही कबूल करावे लागले, की एखादे कलम सोडले तर दुसऱ्या कशाने मसुदा समितीला एवढी डोकेदुखी झाली नव्हती. सभागृहात शंका काढणाऱ्यांत आपला प्रांत मागे नव्हता, हे वाचून मला बरे वाटले.

आता त्या अर्जाचे काय झाले, ते सांगून थांबतो. मी अर्जात कलमही घातले होते आणि दहा मुलांचा नियमही. कचेरीतून उत्तर आले, की नियम ठीक आहे, पालकांच्या सह्यांची यादी द्या. वाजवीच मागणी होती. शेजारी आणि मी संध्याकाळी वस्तीत फिरलो. पहिलीच्या वयाची मुले तेरा निघाली. सह्या मिळाल्या सात. बाकीच्यांचे म्हणणे एकच: "गुरुजी, घरी मराठी आहेच की. शाळेत हिंदी शिकली तर पुढे नोकरीला बरी." त्यांना मी काय सांगणार? माझीही पोरे हिंदी शाळेतच शिकली.

वर्ग भरला नाही. शेजाऱ्याची मुलगी हिंदी शाळेत गेली. हुशार आहे, चांगली शिकते आहे. रविवारी सकाळी ती आणि आणखी चार-पाच जणी माझ्या ओसरीवर पाट्या घेऊन बसतात. त्यांना अजून कलम ठाऊक नाही. परवा तिने "आई आणि बाबा" असे लिहून दाखवले. मी तिच्या पाटीवर खाली "किंवा" लिहिले आणि दोन्ही शब्द पाच-पाचदा गिरवायला सांगितले.